सहा कोऱ्या सीडी

हेडबाईंनी कोऱ्या सीडींच्या खोक्यातून वरची सीडी उचलली आणि तिच्यावर स्वतःचंच अक्षर पाहिलं. 'सेवा नियम, भाग ४.' काळ्या मार्करने लिहिलेलं, एकतीस वर्षं कचेरीच्या फायलींवर घोटून घट्ट झालेलं अक्षर. त्यावर कुणीतरी पट्टी धरून मारावी तशी सरळ रेघ मारली होती.

त्यांनी सीडी संगणकात घातली. यंत्र घुरघुरलं आणि पडद्यावर ओळ उमटली, डिस्क कोरी आहे. त्यांनी ती बाहेर काढली, पदराने पुसली, पुन्हा घातली. कोरी. तिसऱ्या खेपेला त्यांनी ट्रे असा ढकलला की शेजारचा माइक डुगडुगला. तरी कोरीच.

मग त्यांनी अख्खं खोकं टेबलावर उपडं केलं. भाग एक सापडला, भाग सहा सापडला, उरलेलेही सापडले. सगळ्यांवर तीच रेघ. एकेक घालून पाहण्यात वीस मिनिटं गेली आणि सहाही वेळा पडद्याने तेच सांगितलं.

चार महिने त्या दर मंगळवारी आणि शुक्रवारी इथे आल्या होत्या. जाड पडदे लावलेल्या या कोंदट खोलीत पंखा बंद करून बसायचं, कारण पंख्याचा आवाज सीडीत येतो. घाम पुसत, सर्दी झाली तेव्हा गरम पाण्याचे घोट घेत, त्यांनी तीनशे दहा पानं मोठ्याने वाचली होती. आणि आता परीक्षेला एकोणीस दिवस राहिले असताना त्या वाचनातला एक शब्दही शिल्लक नव्हता. हेडबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो!" दार उघडून त्यांनी हाक मारली. बाहेर हेडफोन लावून बसलेल्या दोघांनाही ती ऐकू गेली.

डोळ्यांनी वाचू न शकणाऱ्यांचं हे वाचनालय होतं. दृष्टी असलेली माणसं इथे येऊन पुस्तक मोठ्याने वाचत, ते सीडीवर उतरे आणि ज्याने मागितलं असेल त्याच्याकडे जाई. संस्थेच्या अध्यक्षांनी एकदा उत्साहाच्या भरात पुन्हापुन्हा लिहिता-पुसता येणाऱ्या सीडी आणल्या आणि 'एक सीडी हजार वेळा वापरा' अशी पाटीच भिंतीवर लावली. तेव्हापासून ऐकून झालेलं पुस्तक पुसायचं आणि त्याच सीडीवर दुसरं उतरवायचं, अशी रीत पडली. संगणक जुना, त्यात जागा नाही, म्हणून सीडी तयार झाली की संगणकातली प्रतही काढून टाकत. सीडीवर उठावाच्या ठिपक्यांची चिठ्ठी चिकटवली तर ती यंत्रात वाकडी फिरून अडकायची. त्यामुळे सगळ्या खुणा डबीवर. डबीला एक रबरबँड असला तर ऐकणं चालू आहे, हात लावू नका. दोन असले तर ऐकून झालं, पुसा. बोटांना कळेल अशी साधी खूण होती आणि बारा वर्षांत ती कधी चुकली नव्हती.

ग्रंथपाल आले. समोरचा जितका चढेल तितका आपला आवाज उतरवायचा, ही त्यांची खोड. हेडबाईंना या खोडीचाच अर्धा राग यायचा.

"हे काय आहे?"

ग्रंथपालांनी टेबलावर पसरलेल्या पसाऱ्याकडे पाहिलं.

"सीडी."

"मला दिसतंय सीडी आहेत ते! त्यातलं माझं पुस्तक कुठंय?"

"पुसलं."

"पुसलं! असं सांगताय जशी काही फरशी पुसली. कोणी सांगितलं होतं?"

"डब्यांना दोन-दोन रबरबँड होते, बाई."

"सहाच्या सहा डब्यांना?"

"सहाही."

"आणि तुम्ही ते पाहिलं, मान डोलावली आणि पुसत सुटलात. अहो, परीक्षा तोंडावर आलीय. त्या मुलीची शेवटची संधी आहे ही, पुढच्या वर्षी वय निघून जाईल तिचं. आत्ताच कशा परत आल्या, असा प्रश्न पडायला नको? एक फोन करायला काय हात झडले होते?"

ग्रंथपाल एकेक सीडी उचलून डबीत ठेवू लागले.

"मी बोलतेय."

"ऐकतोय, बाई."

"ऐकताय! इथं सगळे ऐकतातच. डोकं कोणी चालवत नाही."

वाचनालयात सगळे त्यांना हेडबाई म्हणत, कारण त्या एका मोठ्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्या होत्या. पाठीमागे त्यांचं नाव तोफखाना होतं. हे त्यांच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचं फारसं वाईटही वाटलं नव्हतं. तोफेला निदान कोणी गृहीत धरत नाही.

त्या ज्या 'मुली'साठी भांडत होत्या ती एकोणचाळीस वर्षांची होती. एका मोठ्या इस्पितळात ती ऑपरेटर म्हणून टेलिफोनच्या बोर्डावर बसे. जन्मापासून दिसत नव्हतं, पण इस्पितळातले चारशे नंबर तिच्या जिभेवर होते. अठरा वर्षं "नमस्कार, कोणाशी बोलायचंय?" म्हणून म्हणून ती कंटाळली होती. खात्याची परीक्षा पास झाली तर अधिकाऱ्याची जागा होती, स्वतःचं टेबल होतं, आणि फोन दुसऱ्या कोणीतरी जोडून द्यायचा होता. चाळिशी ओलांडली की त्या परीक्षेला बसता येत नव्हतं.

तिने सेवा नियमांचं पुस्तक वाचून मागितलं तेव्हा हेडबाईंनी ते काम दुसऱ्या कोणाला शिवूही दिलं नाही. वाचायलाही स्वतःची प्रत आणली. पाठीला कापडी पट्टी लावलेली, समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा केलेली ती प्रत म्हणजे त्यांचं कचेरीतलं राज्य होतं. इतर खात्यांतली माणसं येऊन विचारायची, "हेडबाई, बदलीबद्दल नियम काय म्हणतो?" आणि त्या पुस्तक न उघडता सांगायच्या. निवृत्तीनंतर पहिले काही महिने घरी फोन यायचे. मग एकेक करून थांबले, आणि आता कोणी विचारत नव्हतं.

त्यांनी ग्रंथपालांच्या टेबलावरचा फोन ओढला आणि इस्पितळाचा नंबर फिरवला.

"नमस्कार, कोणाशी..."

"मी बोलतेय."



"बाई."

"तू डब्यांना दोन रबरबँड लावलेस?"

"लागले असतील."

"लागले असतील म्हणजे? आपोआप लागतात का ते?"

"माझ्याकडूनच चूक झाली असेल, बाई. पुन्हा वाचाल का?"

"तुझी चूक नाही ही. तुझी बोटं चुकायची नाहीत, मला ठाऊक आहे. घरात कोणाचा हात लागला? भावजयीचा?"

"नाही हो, वहिनी कशाला... बाई, दुसरी लाइन वाजतेय. ठेवते."

रागाला टेकायला जागा लागते. ऑपरेटरची भावजय हेडबाईंनी कधी पाहिली नव्हती, पण घरी पोचेपर्यंत त्यांनी तिचं अख्खं चरित्र मनात रचून टाकलं. नणंद अधिकारी झाली तर घरात कोणाचं चालणार, ही त्या बाईची भीती. डब्या टेबलावर पडलेल्या. नणंद कामावर गेलेली. भाजीच्या जुडीचे दोन-चार रबरबँड हाताशी. रात्री जेवताना हेडबाईंनी त्या न पाहिलेल्या बाईला इतकं सुनावलं की ताटातलं गार झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आदल्या दिवशी घरी आणलेल्या सहाही सीडी पिशवीत घालून संगणक दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात गेल्या. पुसलेलं परत आणता येतं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. दुकान लहान, भिंतीला टेकवलेली उघडी यंत्रं, मध्ये स्टुलावर बसलेला पन्नाशीचा माणूस. त्याने पहिली सीडी घातली, बराच वेळ काही दाबलं, मग दुसरी घातली, मग तिसरी.

"कोणी पुसल्या या?"

"का?"

"नाही, पुसण्याचे दोन प्रकार असतात, बाई. लोक घाईत पुसतात ना, तेव्हा नुसती सुरुवातीची अनुक्रमणिका उडते. पुस्तकाचं पहिलं पान फाडल्यासारखं. आतली पानं तशीच असतात, मी काढून देतो कधीकधी. मिनिटभराचं काम असतं ते पुसणं."

"मग काढा ना."

"यातली पानं न् पानं धुतलीत. पूर्ण पुसलंय. जुन्या यंत्रावर एकेका सीडीला अर्धा तास तरी लागतो याला." त्याने सीडी प्रकाशात तिरकी धरली. "सहा म्हणजे तीन तास. कोणीतरी अगदी मन लावून बसलंय."

"चुकून नाही होत असं?"

"एखादी होईल. सहा चुका ओळीने करायला फार चिकाटी लागेल."

त्याला आपल्या विनोदाचं हसू आलं. हेडबाईंकडे पाहून त्याने ते आवरलं.

वाचनालयापर्यंत त्या चालतच गेल्या. रिक्षात बसून राहणं त्यांना जमलं नसतं. बिचारी भावजय एका क्षणात सुटली, कारण तिच्या घरात पुसण्याचं यंत्र नव्हतं. ते यंत्र एकाच खोलीत होतं आणि त्या खोलीची किल्ली एकाच माणसाच्या खिशात होती. तीन तास! चार महिने ज्याच्यासमोर आपण घसा फोडला तो हळू आवाजाचा साळसूद माणूस खुर्चीत बसून तीन तास आपला शब्दन् शब्द पुसत होता, आणि काल तोंडावर म्हणतो, ऐकतोय बाई! त्या कठडा धरून पायऱ्या चढल्या. त्यांना रडूच येत होतं, पण रडणं ही त्यांच्या मते रागाची नासाडी होती.

"तुम्ही जाणूनबुजून पुसल्यात," त्या दारातूनच म्हणाल्या.

ग्रंथपालांनी चष्मा काढला.

"हो."

एवढ्या लवकर कबुली मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं. रस्ताभर तयार केलेली पुढची चार वाक्यं एकदम निरुपयोगी झाली.

"का?"

"सांगतो. पण आधी वाचायला बसा, बाई. काल एकोणीस दिवस होते, आज अठरा आहेत. रोज सतरा-अठरा पानं झाली तर उरकतं. मी हिशेब केलाय."

"हिशेब केलाय! पुसायच्या आधी केलात की नंतर?"

"आधी."

"अध्यक्षांकडे तक्रार करणार आहे मी. लेखी."

"जरूर करा. कागद देतो. पण त्या मुलीचं नुकसान होऊ देऊ नका."

हा वार बरोबर लागला. हेडबाईंनी दात-ओठ खाल्ले. दुकानातून थेट आल्यामुळे त्यांची प्रत घरीच राहिली होती, आणि हे ग्रंथपालांना जणू आधीच ठाऊक होतं, कारण त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यातून वाचनालयाची प्रत उचलून पुढे केली. निळ्या पुठ्ठ्याची, अजून कोरा वास येणारी.

"हिचा टाइप मोठा आहे," ते म्हणाले.

"माझे डोळे शाबूत आहेत."

त्यांनी प्रत जवळजवळ हिसकावली, आत गेल्या, दार आपटलं. मग पंखा बंद केला, माइक सरळ केला आणि वाचायला लागल्या. रागाने आवाज खणखणीत लागला होता. नियम एक, नियम दोन, नियम तीन. पुस्तकाकडे पाहायचीही गरज नव्हती, जीभ आपसूक चालत होती आणि मनात अध्यक्षांना लिहायच्या पत्राचे मुद्दे तयार होत होते. मुद्दा पहिला, विश्वासघात. मुद्दा दुसरा, स्वयंसेवकाच्या श्रमांची... पान उलटलं. नियम तेरा संपला.

"नियम चौदा," त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

पानावर लिहिलं होतं, नियम चौदा वगळण्यात आला आहे.

त्यांना आधी वाटलं, छापणाऱ्याची चूक. नियम चौदा कसा वगळतील? जुन्या सीडीत त्यांनी तो सावकाश, दोनदा वाचला होता. शेवटी स्वतःच्या पदरचं वाक्यही घातलं होतं, "यावर परीक्षेत हमखास प्रश्न येतो, नीट पाठ कर." त्यांनी पुढचं पान पाहिलं, मग पुढचं. नियम बावीसमधली साठ दिवसांची मुदत नव्वद झाली होती. पाचवा भाग तर ओळखीचाच राहिला नव्हता, तिथे नवे नियम होते, नवे नमुने होते. त्यांनी पहिलं पान उघडलं. सुधारित आवृत्ती, आणि खाली साल. दोन वर्षांपूर्वीचं. त्यांची स्वतःची प्रत अकरा वर्षांची होती.

मग त्यांनी आत्ताच केलेलं ध्वनिमुद्रण मागे नेऊन ऐकलं आणि पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवलं. नियम तीन. पानावर 'पंधरा दिवसांच्या आत' होतं. त्यांचा खणखणीत आवाज म्हणत होता, तीस दिवसांच्या आत. डोळ्यांसमोर पंधरा असताना त्या तीस वाचून गेल्या होत्या.

हेडबाईंनी ध्वनिमुद्रण थांबवलं. एकेक गोष्ट आता आठवायला लागली आणि आठवू नये असं वाटत असतानाही आठवत राहिली. महिन्यापूर्वी ऑपरेटरने फोनवर विचारलं होतं, "बाई, तुमचं पुस्तक कुठल्या आवृत्तीचं आहे?" आणि त्या म्हणाल्या होत्या, "एकतीस वर्षं हे नियम चालवलेत मी. तू मला आवृत्त्या शिकवतेस?" मग आठवड्याने पुन्हा, अडखळत, "कामावरची एक मैत्रीण म्हणत होती, काही बदललंय म्हणून." त्यावर त्यांनी "मग तिच्याकडूनच वाचून घे" असं म्हणून फोन ठेवला होता. आणि ही निळी प्रत तीन मंगळवार ओळीने या टेबलावर त्यांच्यासाठी काढून ठेवलेली असायची. त्या तिच्यावर आपली पाण्याची बाटली ठेवायच्या.

त्यांना लाज वाटली. कानाच्या पाळ्या गरम होतील इतकी वाटली. ती मुलगी या सीडी घोकून गेली असती तर नापास झाली असती, आणि नापास होऊन परत येऊन म्हणाली असती, "बाई, तुम्ही खूप कष्ट घेतलेत." पण लाजेला घरात घेऊन बसायची हेडबाईंना सवय नव्हती, आणि दोन मिनिटांत तिच्यामागून राग आत शिरला. मला सांगता आलं नाही यांना? मी काय वाघ आहे? चार महिन्यांचं काम मातीत घातलं, पण माझ्यासमोर तोंड उघडलं नाही! त्यांनी खुर्ची मागे लोटली आणि दार उघडलं.

ऑपरेटर बाहेर बाकावर बसली होती. सकाळची पाळी संपवून आली असावी, इस्पितळाचं ओळखपत्र अजून गळ्यात होतं. दाराचा आवाज ऐकताच ती उठून उभी राहिली. ग्रंथपालही उठले, आणि उठता उठता त्यांनी टेबलाच्या कडेचा काचेचा पेला उचलून मागे कपाटावर ठेवला. ते त्यांनी लक्ष देऊन केलेलं नव्हतं. हात आपोआप गेला होता.

हेडबाईंनी तो पेला पाहिला.

"दोघांनी मिळून केलंत," त्या म्हणाल्या.

ऑपरेटरने मान ग्रंथपालांच्या दिशेला वळवली.

"विचारतेय मी."

"रबरबँड मी लावले," ऑपरेटर म्हणाली. "सहाही डब्यांना. आणि पुसायलाही मीच सांगितलं. त्यांना बोलू नका."

"पूर्ण पुसायचं मी ठरवलं," ग्रंथपाल म्हणाले. "वरवर पुसलं असतं तर तुम्ही कुठूनतरी परत आणलं असतंत."

"आणलंच असतं!"

"म्हणून तर."

"चार महिने, हो! घसा बसेपर्यंत वाचलं मी. एक वाक्य बोलायचं होतं, बाई, तुमचं पुस्तक जुनं आहे. पाच शब्द! तेवढे जड झाले तुम्हाला?"

"मी बोलले होते, बाई," ऑपरेटर म्हणाली. "दोनदा."

"मग तिसऱ्यांदा बोलायचं."

ऑपरेटरने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"दिवसभर माणसं माझ्यावर ओरडतात," ती म्हणाली. "डॉक्टर ओरडतात, पेशंटचे नातेवाईक ओरडतात. मला काही होत नाही, मी लाइन तोडते. तुमची नाही तोडता येत. तुम्ही माझ्यासाठी वाचत होतात. तिसऱ्यांदा विचारलं असतं आणि तुम्ही उठून गेला असतात, तर मी कोणाकडे जाणार होते? सीडी गेल्या तर तुम्ही चिडाल, पण वाचाल, हे मला माहीत होतं. तुमची चूक काढली तर वाचाल का, ते माहीत नव्हतं."

हेडबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर होतं. भरपूर होतं. मी असल्या क्षुद्र मनाची वाटले का तुला, इथपासून सुरू होऊन ते बरंच लांब जाणार होतं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, आणि नुसत्या त्या श्वासाच्या आवाजाने ऑपरेटरचे खांदे वर गेले, हनुवटी खाली झुकली. शब्द अजून एकही निघाला नव्हता.

तो श्वास हेडबाईंनी तसाच सोडून दिला. त्याला बराच वेळ लागला. बाहेर कोणीतरी हेडफोन काढून ठेवल्याचा आवाज आला.

"तुला काय काय बदललंय ते ठाऊक आहे?" त्यांनी विचारलं.

"मैत्रिणीने बदलांची यादी वाचून दाखवलीय. पाठ आहे."

"आत चल."

"मी?"

"मग काय यांना नेऊ? यांना पुसण्याशिवाय काही येत नाही."

ग्रंथपाल हसले नाहीत. त्यांनी दुसरी खुर्ची उचलून आत नेऊन ठेवली आणि दार ओढून घेतलं.

खोलीत दोघींना जेमतेम जागा होती. ऑपरेटरने हाताने टेबलाची कड चाचपली, माइक कुठे आहे ते बोटांनी पाहिलं आणि त्यापासून हात दूर घेतला. हेडबाईंनी आधीचं सगळं ध्वनिमुद्रण काढून टाकलं. भाग एकची सीडी पुन्हा डबीतून बाहेर आली.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "माझी जीभ जुनी आहे. डोळ्यांना नवं दिसलं तरी ती जुनंच बोलते. आत्ताच पकडलं मी तिला. कुठे चुकले तर टेबलावर थाप मार."

"थापेचा आवाज सीडीत येईल, बाई."

"येऊ दे. पुसता येतो."

त्यांनी चष्मा नीट केला आणि पुस्तक जवळ ओढलं. आधी पुस्तकाचं नाव वाचलं, मग सुधारित आवृत्ती, मग साल. हे साल त्यांनी मागच्या वेळी वाचलंच नव्हतं. नियम एक वाचला. नियम दोन वाचला. नियम तीनमध्ये पंधरा दिवस म्हणताना त्या किंचित थांबल्या आणि नीट पंधराच म्हणाल्या. घाम येत होता. प्रत्येक शब्दावर बोट ठेवून वाचायला त्यांना पहिलीतल्या मुलीसारखं वाटत होतं, आणि हे त्यांना मुळीच आवडत नव्हतं.

"नियम चार. कार्यालयप्रमुखाच्या लेखी परवानगीने..."

टेबलावर बोटं वाजली.

हेडबाईंचा हात पानावरच थांबला. 'एकतीस वर्षं' हे त्यांच्या ओठांपर्यंत आलं. एकतीस वर्षं ही परवानगी लेखीच लागत होती, किती अर्ज त्यांनी याच एका शब्दावर परत पाठवले होते. त्यांनी ओळ पाहिली. कार्यालयप्रमुखाच्या परवानगीने. लेखी कुठेच नव्हतं.

शेजारी ऑपरेटर श्वास रोखून बसली होती. तिचा हात टेबलावरून केव्हाच मांडीवर गेला होता.

"एवढ्या हळू काय मारतेस?" हेडबाई करवादल्या. "मला ऐकू यायला नको? जोरात मार."

आणि त्यांनी नियम चार पहिल्यापासून वाचायला घेतला.